वाचकांचे प्रश्न : अरबी लिपीतील वाढीव अक्षरे आणि त्यांचे युनिकोड क्रमांक

अरबी लिपी आणि संगणक यांविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेल्या सात प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. अक्षरांचा उल्लेख येथे त्यांच्या नावांनीच केला आहे. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारे संगणकीय प्रमाण. त्याचे क्रमांक सोळाच्या पायावर मोजले जातात, त्यामुळे ० ते ९ यांच्या जोडीला ए, बी, सी, डी, ई, एफ हेही त्यांत अंक म्हणून येतात, हे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : उर्दू, फारसी, सिंधी या भाषा अरबी लिपीतच लिहिल्या जातात. मग संगणकात त्यांच्यासाठी वेगळी अक्षरे कशाला हवीत? फॉन्ट बदलून काम भागणार नाही का? (एक वाचक, सातारा)

फॉन्ट बदलून काम भागत नाही, आणि त्याचे कारण या लिपीच्या घडणीतच आहे. अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत; परंतु त्यांच्या मूळ आकृत्या सुमारे १८ असून उरलेला भेद टिंबांनी, म्हणजे नुक्त्यांनी, साधला जातो. एकाच आकृतीखाली एक नुक्ता दिला की ‘बे’ होते, वर दोन दिले की ‘ते’ आणि वर तीन दिले की ‘से’. ही लिपी अरबस्तानाबाहेर पसरली तेव्हा अरबीत नसलेले ध्वनी लिहिण्यासाठी प्रत्येक भाषेने हीच रीत पुढे चालवली. फारसीने बेखाली तीन नुक्ते देऊन ‘पे’, जीमला तीन नुक्ते देऊन ‘चे’, ‘ज़े’वर तीन नुक्ते देऊन आणखी एक घर्षक वर्ण आणि काफवर जास्तीची तिरकी रेघ देऊन ‘गाफ’ अशी चार अक्षरे घडवली. उर्दूने ही ३२ अक्षरे घेतली आणि ट, ड, ड़ या ध्वनींसाठी ते, दाल आणि रे यांच्या डोक्यावर छोटा ‘तोय’, म्हणजे अरबीचेच एक अक्षर लहान करून, बसवला. जुन्या हस्तलिखितांत त्या जागी चार नुक्ते दिसतात. पश्तू भाषेने अशाच ध्वनींसाठी अक्षराला छोटे वर्तुळ जोडले. सिंधीची ५२ अक्षरांची वर्णमाला १८५३ मध्ये इंग्रजी अमलात ठरवली गेली, आणि नुक्त्यांच्या मांडणीचे तिच्याइतके प्रकार दुसऱ्या भाषेत क्वचितच आढळतील.

आता अशी कल्पना करावी, की संगणकात फक्त अरबीची २८ अक्षरे ठेवली आणि ‘टे’चे रूप दाखवण्याचे काम फॉन्टवर सोपवले. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडताच ‘टोपी’ची ‘तोपी’ होईल आणि मूळ शब्द काय होता हे सांगणारी खूण मजकुरात कुठेही उरणार नाही. युनिकोडच्या आधी मराठी मजकुराची हीच गत होती, हे अनेक वाचकांना आठवत असेल : ठरावीक फॉन्ट नसला की पानभर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. म्हणून अक्षराची ओळख मजकुरातच, क्रमांकाच्या रूपाने, असावी लागते. टे ०६७९, डाल ०६८८, ड़े ०६९१, पे ०६७ई हे क्रमांक त्या त्या अक्षराचे कायमचे आहेत, कारण एकदा दिलेला क्रमांक युनिकोड मागे घेत नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये अरबी विभाग आहे; ०६०० ते ०६एफएफ या त्याच्या मुख्य पट्ट्यात जागा पुरेना, तेव्हा २००५ मध्ये ०७५० पासून पुरवणी विभाग आला, २०१२ मध्ये ०८ए० पासून पहिला विस्तार आला आणि २०२१ व २०२२ मध्ये आणखी दोन विस्तारांची भर पडली.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. युनिकोड ध्वनीला क्रमांक देत नाही. ‘फे’वर तीन नुक्ते दिलेले अक्षर, क्रमांक ०६ए४, मलय भाषेच्या जावी लेखनात ‘प’ म्हणून वाचले जाते आणि कुर्दी भाषेत ‘व’ म्हणून. तरी क्रमांक एकच आहे. उलट, एखादी भाषा दोन आकृत्यांत अर्थाचा भेद करीत असेल, किंवा दोन अक्षरे शब्दात जोडली जाताना वेगवेगळी रूपे घेत असतील, तर ती एरवी कितीही सारखी दिसोत, त्यांना वेगळे क्रमांक द्यावे लागतात. पुढचे बहुतेक प्रश्न याच नियमातून उद्भवले आहेत.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयात उर्दू पुस्तकांची सूची संगणकावर आहे. ‘किताब’ हा शब्द शोधला, की काही पुस्तके सापडतात आणि काही सापडत नाहीत. न सापडलेली नोंद हाताने शोधून काढली तर पडद्यावर शब्द अगदी तसाच दिसतो. प्रणालीत बिघाड आहे असे समजावे काय? (एक ग्रंथपाल)

प्रणाली बहुधा तिला सांगितलेले काम चोख करीत आहे. बिघाड नोंदींमध्ये आहे. सूचीत ‘किताब’ हा शब्द दोन वेगवेगळ्या काफांनी लिहिला गेला असणार. अरबी काफचा क्रमांक ०६४३ आणि फारसी-उर्दू काफचा ०६ए९. शब्दाच्या शेवटी हे दोघे ओळखू येतात, कारण अरबी काफ तेथे उभा राहतो आणि त्याच्या पोटात हम्ज़ा या अरबी चिन्हासारखी छोटी खूण असते, तर उर्दू काफ डोक्यावरची तिरकी रेघ कायम राखतो. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये मात्र दोघांचे रूप सारखेच असते. ‘मुल्क’ लिहिताना चूक झाली तर ती दिसते. ‘किताब’ लिहिताना झालेली चूक डोळ्याला कधीच दिसणार नाही. संगणक आकृती पाहत नाही, क्रमांक पाहतो, आणि त्याच्या लेखी हे दोन शब्द ‘किताब’ आणि ‘गिताब’ यांच्याइतकेच वेगळे आहेत.

‘ये’ या अक्षराचा गुंता याहून मोठा आहे, कारण तेथे उमेदवार तीन आहेत. अरबी ये, ०६४ए, हिच्याखाली सर्वत्र दोन नुक्ते असतात. फारसी ये, ०६सीसी, म्हणजेच उर्दूची छोटी ये, आरंभी आणि मध्ये दोन नुक्ते घेते, पण शब्दाच्या शेवटी ते टाकते. तिसरे अक्षर अलिफ मक्सूरा, ०६४९, याला युनिकोडच्या व्याख्येप्रमाणे नुक्ते कोठेच नाहीत. त्यामुळे ‘अली’ हे नाव फारसी येने लिहिले काय आणि अलिफ मक्सूराने लिहिले काय, सारखेच दिसते, तर ‘बीमारी’ या शब्दातली पहिली ये अरबी आहे की फारसी, हे पाहून सांगताच येत नाही. उर्दूची बडी ये, ०६डी२, ही मात्र स्वतंत्र दिसते आणि तिच्याबाबत घोटाळा सहसा होत नाही.

‘हे’ची कथा तर अर्थावरच घाला घालणारी आहे. उर्दूत ‘भारी’ आणि ‘बिहारी’ हे दोन शब्द फक्त एका हेने वेगळे होतात : पहिल्यात बेनंतर दोचश्मी (दोन डोळ्यांची) हे, ०६बीई, येते आणि दुसऱ्यात साधी, ज्याला युनिकोड गोल हे म्हणतो, ती ०६सी१. जुन्या उर्दू लेखनात या दोघींची अदलाबदल चालत असे. आजच्या लेखनात ती चूक मानली जाते, आणि ते योग्यच आहे. अरबीची हे, ०६४७, या दोघींहून तिसरी आहे, आणि अरबी धाटणीच्या फॉन्टमध्ये शब्दाच्या मध्ये तिचे रूप दोन डोळ्यांचेच दिसते. म्हणजे कोणी अरबी कीबोर्डवरून ‘बिहारी’ लिहिले, तर उर्दू वाचक ते ‘भारी’ वाचेल. चौथी, ०६डी५, ही कुर्दी आणि उईगुर भाषांत स्वर म्हणून येते. ती पुढच्या अक्षराला जोडली जात नाही. कुर्दी टंकलेखक पूर्वी अरबी हेपुढे अदृश्य असा जोड तोडणारा वर्ण, २००सी, देऊन तिचे सोंग उभे करीत, आणि तसा मजकूर आजही पुष्कळ सापडतो.

हा घोळ आला कोठून? युनिकोडआधीच्या तक्त्यांत प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये बसवत, आणि एका बाइटमध्ये २५६ च जागा मावतात. विंडोज-१२५६ या अरबी तक्त्याच्या नंतरच्या रूपात पे, चे, गाफ, टे, डाल, ड़े, नून गुन्ना, दोचश्मी हे, बडी ये, इतकेच काय, उर्दू काफसुद्धा बसवला गेला. परंतु फारसी येला जागा मिळाली नाही. फारसी आणि उर्दू लिहिणाऱ्यांना त्या तक्त्यात अरबी येच वापरावी लागे. पुढे तो मजकूर यांत्रिकपणे युनिकोडमध्ये आणला गेला, तेव्हा ०६४ए हा क्रमांकही त्याच्याबरोबर आला. त्यात भर पडली ती फोनवर अरबी कीबोर्ड ठेवून उर्दू लिहिणाऱ्यांची आणि अरबी संकेतस्थळांवरून नावे उचलून चिकटवणाऱ्यांची.

युनिकोडची प्रमाणीकरणाची, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करण्याची पद्धत, जिला एनएफसी म्हणतात, ती या बाबतीत मदत करत नाही. काफ आणि ये यांच्या या जोड्या युनिकोडच्या दृष्टीने एकाच अक्षराची दोन लेखने नसून खरोखर वेगळी अक्षरे आहेत. म्हणून आपल्या प्रणालीच्या जाणकाराला असे करायला सांगावे : मूळ नोंदीला हात न लावता शोधासाठी तिची एक वेगळी प्रत तयार करावी, त्या प्रतीत ०६४३ च्या जागी ०६ए९, तसेच ०६४ए व ०६४९ यांच्या जागी ०६सीसी, आणि फक्त उर्दू नोंदींत ०६४७ च्या जागी ०६सी१ ठेवावे, ज़बर, ज़ेर, पेश या ऱ्हस्व स्वरांच्या खुणा आणि अक्षर लांबवणारी ततवील, ०६४०, गाळावी, अंकांचे अरबी संच ०६६० पासून आणि फारसी-उर्दू संच ०६एफ० पासून सुरू होतात, तेही एकरूप करावेत. वाचकाने शोधपेटीत लिहिलेल्या शब्दावरही हाच संस्कार करावा. मूळ नोंद बदलू नये हे आग्रहाने सांगतो, कारण अरबी ग्रंथाचे शीर्षक अरबी अक्षरांतच राहिले पाहिजे आणि संग्रहात सिंधी पुस्तके असतील तर हाच नियम त्यांचे नुकसान करील. ते कसे, हे पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : आजोबांची फाळणीपूर्वीची सिंधी पत्रे मी संगणकावर उतरवीत आहे. माझ्याकडे उर्दू कीबोर्ड आहे. लिपी एकच असल्याने तो चालेल असे घरचे म्हणतात. आपले मत काय? (एक वाचिका, उल्हासनगर)

चालणार नाही, आणि आपण काम पुढे नेण्याआधी विचारलेत हे फार चांगले झाले. उल्हासनगर हे शहरच फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले; तेथे अशी पत्रे अजून किती घरांत असतील याची कल्पना येते. ती अचूक उतरली पाहिजेत.

केवळ ‘क’ पाहा. अरबी सुलेखनात काफ आडवा ताणून लिहिणे ही लेखनिकाची आवड असते. त्याने अक्षर बदलत नाही. सिंधीने मात्र याच दोन वळणांना दोन अक्षरे मानले. ताणलेला काफ, ०६एए, म्हणजे ‘क’; आणि उर्दूत ज्याला काफ म्हणतात तो, ०६ए९, म्हणजे ‘ख’. उर्दू कीबोर्डवरून आपण ‘क’ लिहीत राहिलात, तर सिंधी वाचणाऱ्याला पत्रभर ‘ख’ दिसेल. ग्रंथालयाने सगळे काफ एक केले तर सिंधी पुस्तकांचे हेच होईल.

महाप्राणांची व्यवस्थाही निराळी आहे. उर्दू ‘भ’ लिहिते ते बे आणि दोचश्मी हे अशा दोन अक्षरांनी. सिंधीत त्यासाठी बेखाली चार नुक्ते असलेले एकच अक्षर आहे, ०६८०. ‘थ’ला ०६७एफ, ‘ठ’ला ०६७ए, ‘फ’ला ०६ए६ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत, मात्र ‘झ’ आणि ‘घ’ सिंधीतही हे जोडूनच लिहितात. ‘ट’साठी उर्दूचा छोटा तोय सिंधीत नाही, तर ०६७डी हे तीन नुक्त्यांचे अक्षर आहे. आणि सिंधीची खरी ओळख असलेले, श्वास आत ओढून उच्चारायचे चार वर्ण, ज्यांना भारतातील देवनागरी सिंधीत ॻ, ॼ, ॾ, ॿ असे खाली रेघ देऊन लिहितात, ते उर्दू कीबोर्डवर मिळणारच नाहीत. त्यांचे अरबी लिपीतील क्रमांक याच क्रमाने ०६बी३, ०६८४, ०६८एफ आणि ०६७बी आहेत. (देवनागरी रूपांना २००६ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली.) ‘आणि’ या अर्थाचा ‘ऐं’ व ‘मध्ये’ या अर्थाचा ‘में’ हे दोन शब्द सिंधीत एकेका खुणेनेच लिहितात, त्यांनाही ०६एफडी आणि ०६एफई असे आपापले क्रमांक आहेत. पत्रांत या खुणा पुन्हा पुन्हा येतील, तेव्हा त्यांच्या जागी पूर्ण शब्द लिहू नयेत.

हा भेद भारत सरकारच्या संकेतनामांतही, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांतही, पाळला गेला आहे. ‘भारत’ हे पत्त्याच्या शेवटी येणारे अंत्यनाम अरबी लिपीत तीन प्रकारे नोंदलेले आहे : उर्दूसाठी बे, दोचश्मी हे, अलिफ, रे, ते, सिंधीसाठी चार नुक्त्यांचे भ, अलिफ, रे, ते, आणि काश्मिरीसाठी साधी बे, अलिफ, रे, ते. मराठी, हिंदी, कोकणी यांना देवनागरीतील एकच ‘भारत’ पुरते; अरबी लिपीत तसे चालले नसते. आपण संगणकाच्या भाषांच्या यादीतून अरबी लिपीतील सिंधी कीबोर्ड निवडावा आणि आतापर्यंत उतरवलेल्या पत्रांतले ‘क’ आणि ‘ख’ एकदा मूळ कागदाशी ताडून पाहावेत. यंत्राने सरसकट बदलून घेऊ नयेत, कारण उर्दू सवयीने लिहिलेला क आणि खरोखरचा ख यांचा क्रमांक आता एकच झालेला आहे.

प्रश्न : देवनागरीत नुक्ता हा स्वतंत्र वर्ण आहे. अरबी लिपीतही मूळ आकृत्या आणि नुक्ते वेगवेगळे ठेवले असते, तर शेकडो अक्षरांना क्रमांक द्यावे लागले नसते. युनिकोडने हा सरळ मार्ग का टाळला? (संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी, पुणे)

प्रश्न मार्मिक आहे, कारण दोन्ही लिपींत युनिकोडने उलट दिशांनी निर्णय घेतले आहेत. देवनागरीतील क़ हा वर्ण एका क्रमांकाने लिहिला तरी प्रमाणीकरणात तो क आणि नुक्ता असा मोडला जातो. अरबीत नुक्ते हे अक्षराचे अविभाज्य अंग मानले आहेत. ‘पे’ कधीही ‘आकृती अधिक तीन नुक्ते’ अशी मोडली जात नाही.

देवनागरीचा नुक्ता एक असतो आणि नेहमी खाली बसतो. अरबीत नुक्ते एक ते चार, वर किंवा खाली, आडवे किंवा उभे, टोक वर असलेल्या त्रिकोणात किंवा टोक खाली असलेल्या त्रिकोणात. सिंधीत तर केवळ या मांडणीवर अक्षरे वेगळी होतात. सुटे नुक्ते जोडण्याची मुभा दिली असती, तर तीन नुक्ते तीन सुटे देऊन, दोन अधिक एक देऊन किंवा एकत्र देऊन असे कितीतरी प्रकारे लिहिता आले असते, आणि शोध, क्रमवारी, संकेतनामांची सुरक्षितता या सगळ्यांचा बोजवारा उडाला असता. शिवाय नुक्ते स्थानानुसार बदलतात. फारसी ये शब्दाच्या शेवटी ते टाकते हे वर आलेच. पश्चिम आफ्रिकेतील लेखनपरंपरेत फेचा नुक्ता खाली असतो आणि शब्दाच्या शेवटी तो गळतो, म्हणून ‘आफ्रिकी फे’ला २०१६ मध्ये ०८बीबी हा वेगळा क्रमांक दिला गेला. नुक्ता जर सुटा वर्ण असता, तर तो मजकुरात असूनही कोठे दाखवायचा आणि कोठे लपवायचा हे कोणी ठरवायचे? २०१० पासून युनिकोडमध्ये नुक्त्यांची सुटी चिन्हे आहेत, परंतु ती लिपी शिकवणाऱ्या पुस्तकांत नुक्ता स्वतंत्र दाखवण्यासाठी. ती अक्षराला जोडली जात नाहीत.

हम्ज़ा आणि मद्द (अलिफवर येणारी आडवी नागमोडी रेघ) यांच्याबाबत मात्र हा नियम पाळला गेला नाही, आणि ती विसंगती आजही त्रास देते. हम्ज़ायुक्त ये, ०६२६, ही प्रमाणीकरणात अरबी ये अधिक हम्ज़ा, ०६५४, अशी मोडते. उर्दू लिहिणाऱ्याने फारसी येवर हम्ज़ा दिला तर डोळ्याला तेच दिसते, पण ते ०६२६ शी समान ठरत नाही. पश्तूतील हम्ज़ायुक्त बडी ‘हे’ (जीमच्या आकृतीची, वर आलेल्या हेंहून वेगळी), ०६८१, हिच्यात हम्ज़ा नुक्त्यासारखा मानला असल्याने ती मोडतच नाही. काश्मिरीची स्थिती याहून विचित्र आहे : वर नागमोडी हम्ज़ा असलेला अलिफ ०६७२ या एका क्रमांकाने लिहायचा, तर खाली नागमोडी हम्ज़ा असलेल्या अलिफाचा ०६७३ हा क्रमांक नापसंत ठरवला गेला असून त्याऐवजी अलिफ आणि ०६५एफ अशी जोडी वापरायची आहे. एकाच भाषेच्या दोन जुळ्या स्वरांना असे दोन न्याय लावणे मला पटत नाही.

अखंड अक्षराच्या धोरणाची किंमत लहान भाषांना मोजावी लागते, हेही खरे. छापील पुराव्यासह प्रस्ताव जाईपर्यंत आणि क्रमांक मिळेपर्यंत लोक जवळपास दिसणाऱ्या अक्षरावर निभावून नेतात, आणि तो मजकूर मागे राहतो. जावी लेखनातला ‘ग’ असाच ०६एसी या क्रमांकाने लिहिला जात होता. २००५ मध्ये ०७६२ आला आणि तोच वापरावा अशी शिफारस झाली, तरी जुना मजकूर जुन्याच क्रमांकात आहे. मराठीने हे अनुभवले आहे. ॲ हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले. त्याआधी ते अ आणि ॅ जोडून लिहीत, आजही अनेक जण तसेच लिहितात, आणि ही दोन लेखने युनिकोडच्या लेखी समान नाहीत. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील ऱ्यसुद्धा दोन वेगळ्या क्रमांकमालांनी लिहिला जातो. आपण प्रणाली लिहीत असाल, तर अरबी लिपीइतकीच काळजी या मराठी जोड्यांचीही घ्यावी.

प्रश्न : आपला ‘ळ’ आणि ‘ण’ अरबी लिपीत लिहिता येतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

उर्दूच्या वर्णमालेत दोन्ही नाहीत. उर्दूत ते ‘ल’ आणि ‘न’ यांवर भागवले जातात. परंतु ज्या भाषांत हे ध्वनी जिवंत आहेत त्यांनी अक्षरे घडवली आहेत. सिंधीत नूनवर नुक्त्याच्या जागी छोटा तोय देऊन ‘ण’ लिहितात, ०६बीबी. पाकिस्तानातील सराइकी भाषेत नुक्ता ठेवून वर तोय देतात, ०७६८. पश्तूत नूनला वर्तुळ जोडतात, ०६बीसी. ‘ळ’ पंजाबीतही आहे, आणि शाहमुखी, म्हणजे अरबी वळणाच्या, लिपीतील पंजाबीसाठी लामवर छोटा तोय असलेले अक्षर २०२० मध्ये ०८सी७ या क्रमांकाने युनिकोडमध्ये दाखल झाले. एखाद्या मराठी गावाचे नाव अरबी लिपीत नेमके लिहायचे असेल तर ही अक्षरे उपलब्ध आहेत, मात्र ०८सी७ तुलनेने नवे असल्याने जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. अक्षर मजकुरात असते; उणीव फॉन्टची असते.

प्रश्न : पीडीएफमधून उर्दू मजकूर उचलला, की तो नीट दिसतो पण शोधता येत नाही. (एक वाचिका, मुंबई)

त्यात बहुधा ‘रूपदर्शक’ वर्ण आले आहेत. युनिकोडच्या एफबी५० आणि एफई७० पासूनच्या विभागांत अक्षरांची आरंभीची, मधली आणि शेवटची रूपे सुटी दिलेली आहेत. ती जुन्या प्रणालींशी मेळ राखण्यासाठी आहेत, नव्या लेखनासाठी नाहीत. एनएफकेसी हे एनएफसीहून व्यापक प्रमाणीकरण चालवले की ती मूळ अक्षरांत परततात. त्यानंतरही ओळीतील अक्षरे उलट क्रमाने आली आहेत का, हे तपासावे.

प्रश्न : मी शिवकालीन फारसी कागदपत्रांचे लिप्यंतर आणि टंकन शिकत आहे. अनेक ठिकाणी नुक्ते दिलेलेच नाहीत आणि गाफ काफासारखाच लिहिलेला आहे. संगणकावर काय उतरवावे : जे दिसते ते, की जे वाचायचे ते? (एक अभ्यासक)

दोन्ही, पण दोन वेगळ्या पाठांत. शिकस्ता या घाईच्या फारसी लेखनवळणात लेखनिक नुक्ते गाळतो आणि एरवी न जोडायची अक्षरेही जोडतो, आणि जुन्या लेखनात गाफची दुसरी रेघ न देणे सर्वसाधारण होते. त्याला चूक म्हणता येत नाही. दिसते तसे उतरवण्यासाठी युनिकोडमध्ये नुक्तारहित आकृत्या आहेत : बेची ०६६ई, क़ाफची ०६६एफ, फेची ०६ए१, नूनसाठी नून गुन्ना, ०६बीए, वापरता येते, मात्र उर्दूत ते अनुनासिकाचे अक्षर असल्याने टिपणीत तसे नमूद करावे. पहिल्या दोन आकृत्या २००२ पासून उपलब्ध आहेत. हा पहिला पाठ पुराव्याचा.

दुसरा पाठ वाचनाचा. त्यात आपण ठरवलेले शब्द आजच्या फारसी लेखनाप्रमाणे, म्हणजे गाफ ०६एएफ, काफ ०६ए९ आणि ये ०६सीसी असे पूर्ण नुक्त्यांनी लिहावेत. शोध आणि सूची या पाठावर चालवावी. विशेषनामांच्या बाबतीत हा वेगळेपणा फार मोलाचा ठरतो, कारण मराठी गावांची आणि माणसांची नावे फारसी लेखनिकाने ऐकून लिहिलेली असतात, आणि नुक्ता नसलेली एक आकृती ब, प, त किंवा न यांपैकी काहीही असू शकते. वाचणाऱ्याने घातलेला नुक्ता हा त्याचा निर्णय असतो. तो मूळ कागदाचा म्हणून नोंदला गेला, तर पुढच्या अभ्यासकाला त्या नावाविषयी शंका घेण्याची संधीच उरत नाही. जेथे दोन वाचने शक्य असतील तेथे दोन्ही नोंदवावीत आणि त्याच गावाचा मोडी कागदांत उल्लेख असेल तर तो शेजारी द्यावा. मोडी लिपीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये आपला विभाग आहे, त्यामुळे ती नोंद चित्र म्हणून न जोडता अक्षरांत देता येते.